दोन मायक्रोग्रॅम

2,4-डीचा शेजारच्या वावरातून नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं भेंडीसारखी होतात, हे आपण बघतोच. संप्रेरकासारखं वागणारं रसायन थोडक्यातच काम करतं. प्लॅस्टिकमधलं बिस्फेनॉल-ए त्याच जातीचं.

लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी 1936 मध्येच दाखवलं होतं, की हे रसायन उंदरांच्या अंगात इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. तरी 1950 च्या दशकात त्याचंच टणक पॉलिकार्बोनेट निघालं आणि घराघरात गेलं.

अमेरिकेत सुरक्षित मर्यादा ठरली किलो वजनाला रोज 50 मायक्रोग्रॅम. 1997 साली मिसूरी विद्यापीठात फ्रेडरिक व्हॉम साल यांच्या गटानं गाभण उंदरिणींना दिलं फक्त 2, तेही सातच दिवस. त्यांचे नर पिल्लू मोठे झाले तेव्हा प्रोस्टेट ग्रंथी सुमारे 30 टक्के जड भरली. 20 मायक्रोग्रॅमवर शुक्राणूही कमी तयार झाले. म्हणजे मर्यादेच्या आतच!

उद्योगाच्या पैशावर झालेल्या प्रयोगांत मात्र हे दिसलं नाही. मग वादच वाद. शेवटी 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं आपली मर्यादा 20,000 पटीनं खाली आणली; आधार पुन्हा उंदरांचाच, पण या वेळी प्रतिकारशक्तीवरच्या परिणामाचा.

आपला मल्चिंग पेपर पॉलिथिनचा, तो बिस्फेनॉलपासून बनत नाही. लग्नातला पाण्याचा टणक जार मात्र उलटा करून बघा. बुडाला 7 आणि पीसी असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा, आणि उन्हात तापला की त्यातून बिस्फेनॉल जास्त सुटतं.