डेव्हलपरची बाटली आणि आपले हात

घरी कृष्णधवल रोल धुणारे अनेक हौशी छायाचित्रकार डेव्हलपर दरवेळी फेकून देत नाहीत. विरजण जपावे तशी एकच बाटली महिनोन्‌महिने चालवतात. तुम्हीही त्यांपैकी असाल आणि बोटांना खाज सुटत असेल, तर या बाटलीचा इतिहास तुमच्या कामाचा आहे.

फिल्म धुताना डेव्हलपरमधले रसायन थोडे खर्च होते. शिवाय फिल्ममधून ब्रोमाइड द्रावणात उतरते आणि पुढची क्रिया मंदावते. म्हणून प्रत्येक रोलनंतर थोडे ताजे द्रावण घालायचे आणि जास्तीचे जुने टाकून द्यायचे. यालाच रिप्लेनिशिंग म्हणतात. सिनेमाच्या लॅबमध्ये आणि दवाखान्यांच्या एक्स-रे विभागांतही मोठ्या टाक्या अशाच चालत.

आता हातांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात असलेले पायरोगॅलॉल बोटे-नखे तपकिरी करी आणि ते विषारीही होते. 1880 मध्ये हायड्रोक्विनोन आले, 1891 मध्ये मेटॉल. 1920 च्या दशकातल्या कोडॅकच्या प्रसिद्ध डी-76 मध्ये ही दोन्ही आहेत: एका लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, हायड्रोक्विनोन 5 ग्रॅम. त्यासाठी डी-76आर हे वेगळे रिप्लेनिशर होते.

मेटॉलने काम सोपे केले, पण काहींच्या बोटांना खाज, पुरळ, भेगा येऊ लागल्या. याला त्या काळी ‘मेटॉलची विषबाधा’ म्हणत. खरे तर ही बहुधा ॲलर्जी असते. दोहोंतला फरक समजून घ्या. विषाचा परिणाम मुख्यतः मात्रेवर ठरतो. ॲलर्जीत वारंवार स्पर्श झाल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा ते रसायन ‘ओळखू’ लागते, आणि मग अगदी थोडेही पुरते. म्हणूनच ‘इतकी वर्षे हात घालतोय, काही झाले नाही’ या वाक्याला अर्थ नाही. ही ओळख एकदा पटली की सहसा पुसली जात नाही.

पुढे 1940 मध्ये इल्फर्डच्या प्रयोगशाळेत फेनिडोनचा गुण सापडला. त्याने त्वचेची ॲलर्जी क्वचितच होते. 1996 मध्ये कोडॅकने एक्सटॉल आणले. त्यात मेटॉल नाही, हायड्रोक्विनोनही नाही. फेनिडोनच्या कुळातले एक रसायन आणि क जीवनसत्त्वाचा जवळचा नातेवाईक आहे. याला वेगळे रिप्लेनिशर लागत नाही. 36 फोटोंच्या एका रोलमागे साधारण 70 मिली ताजे एक्सटॉलच घालायचे. मात्र ‘जीवनसत्त्व’ ऐकून हात बुडवू नका. तेही अल्कधर्मी रसायनच आहे.

एवढे पाळा:

• नायट्राइलचे हातमोजे घाला. पावडर कालवताना मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा.
• स्वयंपाकाची भांडी वापरू नका.
• जपलेले द्रावण थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. घरातले मूल ती तोंडाला लावेल. बाटलीवर नाव लिहा आणि ती कुलपात ठेवा.
• केसांच्या डायची किंवा काळ्या मेंदीची ॲलर्जी असेल, तर मेटॉल टाळलेले बरे. त्यांतले पीपीडी याच्याच जवळच्या कुळातले आहे.

खाज सुटलीच तर काम थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. जाताना डेव्हलपरच्या पाकिटावरच्या घटकांचा फोटो न्या. पॅच टेस्टने नेमके कारण कळू शकते. छंद सोडावा लागेलच असे नाही. कदाचित फक्त डेव्हलपर बदलावा लागेल.