दावा ठोकल्यापासून खटला उभा राहीपर्यंत अमेरिकेच्या फेडरल कोर्टात नेमकं काय चालतं?

बातमी येते : अमुक कंपनीने तमुक कंपनीवर अमेरिकेत अब्जावधी डॉलरचा दावा ठोकला. दोन दिवस फीडमध्ये तेच दिसतं. मग वर्षभर शुकशुकाट. आणि एक दिवस अचानक कळतं की दोघांमध्ये तडजोड झाली. मधल्या काळात कोर्ट झोपलं होतं की काय, असं वाटावं.

खरं तर लढाई त्याच मधल्या काळात होते. अमेरिकेच्या फेडरल कोर्टात दाखल होणाऱ्या दिवाणी दाव्यांपैकी जेमतेम एक टक्का दावे ट्रायलपर्यंत, म्हणजे साक्षी-पुराव्यांसह चालणाऱ्या प्रत्यक्ष खटल्यापर्यंत पोहोचतात. बाकीचे वाटेतच फेटाळले जातात, मागे घेतले जातात किंवा तडजोडीने मिटतात. हातात काय पुरावा आला आणि ट्रायलची तारीख किती जवळ आली, यावर यातलं बरंच काही ठरतं.

तारखा कोण ठरवतं?

फेडरल कोर्टांतले दिवाणी दावे १९३८ साली लागू झालेल्या एका नियमावलीनुसार चालतात. तिच्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. समन्स मिळालं की प्रतिवादीला सर्वसाधारणपणे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर दोन्ही बाजूंचे वकील न्यायाधीशांशिवाय एकत्र बसतात. कोणती कागदपत्रं लागणार, ईमेल कसे जपायचे, किती साक्षीदारांचे जबाब घ्यायचे, तडजोडीला काही वाव आहे का, हे सगळं बोलून १४ दिवसांत कोर्टाला लेखी आराखडा द्यायचा असतो.

तो पाहून न्यायाधीश 'शेड्युलिंग ऑर्डर' काढतात. प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून ९० दिवस किंवा तो कोर्टात हजर झाल्यापासून ६० दिवस, यातली जी मुदत आधी संपेल तिच्या आत ही ऑर्डर निघायला हवी. खास कारण असेल तरच उशीर चालतो. दाव्यात नवा पक्षकार कधीपर्यंत आणता येईल, मागणीत बदल कधीपर्यंत करता येईल, पुरावे गोळा करण्याचं काम कधी संपवायचं, अर्ज कधीपर्यंत करायचे, हे सगळं तिच्यात तारखेनिशी असतं. अनेक न्यायाधीश ट्रायलची तारीखही तिथेच टाकून मोकळे होतात.

आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटेल ते पुढे आहे. ही तारीख बदलायची तर सबळ कारण हवं आणि न्यायाधीशांची संमती हवी. दोन्ही वकिलांनी आपसात ठरवलं, एवढ्याने भागत नाही. वकिलाच्या आळसामुळे मुदत हुकली तर ते सबळ कारण धरलं जात नाही, आणि त्याची किंमत अशिलाला मोजावी लागते.

भारतातही २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी असंच काहीसं आणलं आहे. त्याला 'केस मॅनेजमेंट हिअरिंग' म्हणतात, आणि पहिल्या अशा हिअरिंगपासून सहा महिन्यांत युक्तिवाद संपावेत अशी अपेक्षा आहे. कायद्यात लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं यात किती अंतर आहे, ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

समोरच्याचं कपाट उघडायचा हक्क

तारखांच्या या चौकटीत जे मुख्य काम चालतं त्याला 'डिस्कव्हरी' म्हणतात. दाव्याशी संबंधित जे काही समोरच्याकडे आहे, ते मागायचा हक्क दोन्ही बाजूंना असतो. आपल्या बाजूने वापरणार असलेले साक्षीदार आणि कागद तर न मागता, सुरुवातीलाच सांगावे लागतात.

याला मर्यादाही आहेत. लेखी प्रश्न २५ पर्यंतच विचारता येतात. प्रत्येक बाजूला १० जणांची 'डिपॉझिशन' घेता येते. डिपॉझिशन म्हणजे शपथेवर घेतलेला जबाब. तो सहसा वकिलाच्या ऑफिसात होतो. न्यायाधीश समोर नसतात, पण शब्द न् शब्द नोंदवला जातो. एका माणसाला एका दिवसात फार तर सात तास प्रश्न विचारता येतात. नंतर ट्रायलमध्ये साक्षीदाराने वेगळं काही सांगितलं की हाच जबाब त्याच्यासमोर धरला जातो. मोठ्या दाव्यांत या मर्यादा कोर्टाच्या परवानगीने वाढतात.

अमेरिकी कंपनीसाठी पुण्यात किंवा हिंजवडीत बसून काम करणाऱ्याला कधी तरी कंपनीच्या कायदा विभागाचा मेल येतो : अमुक प्रकल्पाचे ईमेल, चॅट, फाइल काहीही डिलीट करू नका. याला 'लिटिगेशन होल्ड' म्हणतात. हा मेल हलक्यात घेऊ नये. दावा होणार असं दिसत असताना जपायला हवा होता तो डेटा गेला आणि समोरच्याचं नुकसान झालं, तर कोर्ट त्यावर उपाय करू शकतं. डेटा मुद्दाम नष्ट केल्याचं सिद्ध झालं, तर तो मजकूर तुमच्या विरोधातच होता असं गृहीत धरायला ज्युरीला सांगितलं जाऊ शकतं. फारच टोकाचं असेल तर दावा तिथेच हरल्यात जमा.

वेमो विरुद्ध उबर : तीनदा ठरलेली तारीख

हे सगळं एकाच दाव्यात पाहायचं असेल तर २३ फेब्रुवारी २०१७ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात दाखल झालेला 'वेमो विरुद्ध उबर' पाहावा. वेमो ही गुगलच्या मालक कंपनीची, विनाचालक गाड्या बनवणारी शाखा. तिचा आरोप असा की अँथनी लेव्हानडाउस्की या इंजिनिअरने नोकरी सोडण्याआधी १४ हजारांहून जास्त गोपनीय फाइल उतरवून घेतल्या, मग 'ऑटो' ही कंपनी काढली आणि ती उबरने विकत घेतली.

न्यायाधीश होते विल्यम ऑलसप. त्यांनी ट्रायलची तारीख दिली १० ऑक्टोबर २०१७. दावा दाखल झाल्यापासून आठ महिनेसुद्धा नाहीत. मे महिन्यात त्यांनी फाइलचोरीचं प्रकरण फेडरल सरकारी वकिलांकडेही पाठवलं.

मग डिस्कव्हरीची घोडदौड सुरू झाली. गुगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांची डिपॉझिशन टाळायचा प्रयत्न ऑलसप यांनी चालू दिला नाही. वेमोने आधी १२१ व्यापारी गुपितांची यादी दिली होती. एवढ्यांवर ज्युरी निकाल देऊ शकत नाही, म्हणून कोर्टाने ती दहाच्या आत आणायला लावली. पेटंटचे मुद्दे वाटेतच गळाले. ऑटो विकत घेण्याआधी केलेल्या चौकशीचा अहवाल उबर द्यायला तयार नव्हती. तो द्यावाच लागेल, असं अपील कोर्टाने सप्टेंबरमध्ये सांगितलं. ऑक्टोबरची तारीख तोंडावर होती. नवा मजकूर तपासायला वेमोला वेळ देऊन ट्रायल ४ डिसेंबरवर गेली.

नोव्हेंबरच्या अखेरीस बॉम्ब पडला. फेडरल सरकारी वकिलांच्या ऑफिसने न्यायाधीशांना एका पत्राची माहिती दिली. उबरच्या एका माजी सुरक्षा कर्मचाऱ्याच्या वकिलाने ते कंपनीला काही महिन्यांपूर्वी पाठवलं होतं आणि ते ३७ पानांचं होतं. कंपनीतली काही माणसं आपोआप पुसले जाणारे मेसेज आणि माग लागणार नाही अशी उपकरणं वापरतात, असा आरोप त्यात होता. हे पत्र डिस्कव्हरीत वेमोला मिळालंच नव्हतं. उबरच्या वकिलांच्या शब्दावर आता विश्वास ठेवता येत नाही, असं ऑलसप यांनी भर कोर्टात सुनावलं आणि ट्रायल ५ फेब्रुवारी २०१८ वर नेली.

एवढं वाचून वेमोचं पारडं पूर्ण जड झालं असं वाटेल. तसं नव्हतं. फेडरल नियमांनुसार तज्ज्ञाचा लेखी अहवाल आधी द्यावा लागतो. कोर्टाने वेगळी तारीख दिली नसेल तर ट्रायलच्या निदान ९० दिवस आधी. वेमोच्या नुकसानभरपाईच्या तज्ज्ञाने काढलेला आकडा १ अब्ज ८० कोटी डॉलरच्याही वर होता. त्याची साक्षच ऑलसप यांनी ट्रायलपूर्वी नाकारली. उबरच्या त्या पत्रातला मजकूर ज्युरीपुढे किती आणता येईल, यालाही त्यांनी जानेवारीत मर्यादा घातल्या. दोन्ही बाजूंचे दात ट्रायलच्या आधीच घासून बोथट झाले होते.

अशा निर्णयांनंतर शेवटची 'प्रीट्रायल कॉन्फरन्स' होते. कोण साक्ष देणार, कोणते कागद दाखवणार, कशावर हरकत आहे, याच्या याद्या पक्क्या होतात. त्यानंतर निघणारी ऑर्डर बदलणं शेड्युलिंग ऑर्डरपेक्षाही कठीण. उघड अन्याय होणार असेल तरच ती बदलते. यादीत नसलेला साक्षीदार ऐनवेळी उभा करायचा प्रसंग सिनेमात चालतो, इथे सहसा नाही.

ट्रायल ठरल्या दिवशी, ५ फेब्रुवारीला सुरू झाली. शिल्लक होती आठ गुपितं. पाचव्या दिवशी, ९ फेब्रुवारीला तडजोड झाली. वेमोला उबरचे ०.३४ टक्के शेअर मिळाले. तेव्हाच्या भावाने त्यांची किंमत साधारण साडेचोवीस कोटी डॉलर होती. ज्युरीला निकाल द्यायची वेळच आली नाही.

अशा दाव्यांची कागदपत्रं तुम्हालाही वाचता येतात. फेडरल कोर्टांच्या 'पेसर' या वेबसाइटवर खातं उघडून पानाला १० सेंट देऊन ती मिळतात, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरपर्यंतचं बिल माफ असतं. 'कोर्टलिसनर'वर बरीचशी फुकट सापडतात. पुढच्या वेळी फीडमध्ये मोठ्या दाव्याची बातमी दिसली, तर दाव्याच्या रकमेऐवजी आधी शेड्युलिंग ऑर्डर शोधा. पुढे खऱ्या घडामोडी साधारण कधी होणार, ते त्या तीन-चार पानांत लिहिलेलं असतं.