तेलो द मास्कारेन्हस: पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पोर्तुगीज भाषेत

गोवा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात तेलो द मास्कारेन्हस यांचे नाव येते ते बहुधा राजकैद्यांच्या यादीत. कवी, पत्रकार, अनुवादक आणि कायद्याचे पदवीधर ही त्यांची इतर रूपे मराठी वाचकांना फारशी परिचित नाहीत. त्याचे एक कारण भाषेचे आहे. त्यांचे बहुतेक लेखन पोर्तुगीजेत झाले, आणि मुक्तीनंतर गोमंतकात ती भाषा वाचणारे झपाट्याने घटत गेले.

तेलो यांचा जन्म 1899 साली दक्षिण गोव्यात झाला. त्या काळी गोव्यातील सुशिक्षित ख्रिस्ती घराण्यांतील मुलांपुढे उच्च शिक्षणासाठी दोन वाटा असत. एक मुंबईची, दुसरी थेट पोर्तुगालची. तेलो दुसऱ्या वाटेने गेले आणि कुइंब्रा विद्यापीठात कायदा शिकले. हे विद्यापीठ पोर्तुगालच्या राज्यकर्त्यांना घडवणारे. पुढे हुकूमशहा झालेला सालाझार तेथेच प्राध्यापक होता. त्याच विद्यापीठात 1928 साली गोमंतकीय विद्यार्थ्यांनी ‘इंदिया नोव्हा’ म्हणजे ‘नवा भारत’ हे पत्र काढले. तेलो, मडगावचे कवी आदेओदातो बार्रेतो आणि जोझे तेलिश हे त्यातील प्रमुख. गोव्याचे सांस्कृतिक मूळ लिस्बनमध्ये नसून भारतात आहे, ही त्या पत्राची भूमिका होती. ती पोर्तुगालच्या भूमीवर, पोर्तुगीज वाचकांसमोर मांडण्याचे धैर्य या तरुणांनी दाखवले. बार्रेतो 1937 साली क्षयाने अकाली गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते.

पदवीनंतर तेलो काही वर्षे पोर्तुगालमध्येच राहिले. या काळातील त्यांचे महत्त्वाचे कार्य अनुवादाचे. रवींद्रनाथ टागोरांच्या ‘घरे बाइरे’सह काही पुस्तके त्यांनी पोर्तुगीजेत आणली. ज्या देशाला गोवा आपला प्रांत वाटत होता, त्या देशाच्या वाचकांना भारत काय आहे हे सांगण्याचा हा दुसरा मार्ग होता. तो कदाचित वृत्तपत्रापेक्षा अधिक परिणामकारकही असेल.

भारत स्वतंत्र झाल्यावर ते मुंबईत आले आणि 1950 पासून त्यांनी ‘रेसुर्ज गोवा’ (‘गोव्या, पुन्हा ऊठ’) हे नियतकालिक चालवले. सालाझारच्या अमलाखालील गोव्यात ते उघडपणे वाचणे शक्य नव्हते. 1959 साली पोर्तुगीजांनी त्यांना अटक केली. त्या वेळी त्यांनी साठी गाठली होती. पुढे त्यांची रवानगी पोर्तुगालमधील तुरुंगात झाली.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ते तेथे कैदेत होते. ज्यासाठी तुरुंगवास पत्करला ते साध्य झाले, तरी सुटका झाली नाही. लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात मोहन रानडे हेही होते. रानडे मराठी शिक्षक. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी केलेली खटपट महाराष्ट्राला ठाऊक आहे. रानडे 1969 च्या जानेवारीत सुटले. तेलो यांना मात्र 1970 पर्यंत थांबावे लागले. त्यांची सुटका झाली ती कैद्यांच्या अदलाबदलीत. फादर चिको मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी मुक्तीनंतरही पोर्तुगीज नागरिकत्व सोडण्यास नकार दिला होता आणि त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एक गोंयकार पोर्तुगालच्या बाजूने भारतात अडकलेला, दुसरा भारताच्या बाजूने पोर्तुगालात. दोघांनाही पोर्तुगीज उत्तम येत होती.

परतल्यावर 1971 साली त्यांचा ‘निराशा आणि सांत्वनाच्या कविता’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा पोर्तुगीज काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. 1973 साली ‘सिक्लु गोएश’ आला. पण एव्हाना त्यांच्या कवितेचा वाचक उरला किती, हा प्रश्नच होता. नव्या पिढीची शाळा मराठी आणि इंग्रजीकडे वळली होती. अशी वेळ आलेले ते एकटे नव्हेत. फिलिपिन्समधील कवी, पत्रकार आणि वकील फर्नांदो मारिया गेरेरो (1873–1929) यांनी स्पॅनिशमध्ये राष्ट्रवादी लेखन केले; अमेरिकी राजवटीत शाळांतून इंग्रजी आली आणि पुढील पिढ्यांना ते लेखन भाषांतरातूनच वाचावे लागले. फरक इतकाच की, मनिलात ही भाषा नव्या परकीय सत्तेने मागे सारली, तर गोव्यात ती स्वातंत्र्याबरोबर गेली. ती गेल्याचे दुःख मानणारा स्वातंत्र्यसैनिक ही कल्पना आपल्याला अवघड वाटते. म्हणूनच कदाचित तेलो यांच्या कवितेची चर्चा मराठीत झाली नाही.

1976 साली आलेले ‘व्हेन द मँगो ट्रीज ब्लॉसम्ड’ हे आत्मकथनपर पुस्तक इंग्रजीत आहे. आयुष्यभर पोर्तुगीजेत लिहिलेल्या लेखकाच्या आठवणी मायदेशातील वाचकांपर्यंत पोहोचल्या त्या अशा तिसऱ्याच भाषेतून. 1979 साली तेलो यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, 1983 मध्ये, 1900 पासून पोर्तुगीजेत निघणारे ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक इंग्रजी झाले.