‘सेट’चे दप्तर

रोमन लिपीत जेमतेम तीन अक्षरांत मावणाऱ्या ‘सेट’ या इंग्रजी क्रियापदाने कोशकारांना जितके छळले, तितके ग्रीक वा लॅटिन कुळीच्या कोणत्याही अगडबंब शब्दाने छळले नाही. वैद्यकातील किंवा रसायनातील पारिभाषिक संज्ञा दोन ओळींच्या व्याख्येत निमूटपणे जाऊन बसते. परंतु ज्या क्रियापदावाचून सोनाराचा खडा कोंदणात बसत नाही, वैद्याला निखळलेले हाड सांधता येत नाही, परीक्षकाला प्रश्नपत्रिका काढता येत नाही, गवंड्याचा चुना आळत नाही आणि सूर्यालाही मावळता येत नाही, त्याचा अर्थ सांगा म्हटले की भल्याभल्यांची लेखणी अडखळते.

वास्तविक या शब्दाचे मूळ अगदी साधे आहे. प्राचीन इंग्रजीत ‘सित्तान’ म्हणजे बसणे आणि त्याचेच प्रयोजक रूप ‘सेत्तान’ म्हणजे बसविणे. आपल्या ‘सभासद’ व ‘उपनिषद’ या शब्दांत वावरणारा ‘सद्’ धातू हा त्याचा दूरचा सगोत्र. त्यामुळे खडा बसविणे आणि हाड बसविणे या प्रयोगांत मराठी व इंग्रजी हातात हात घालून चालतात, इतकेच नव्हे, तर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविणाऱ्या इंग्रज शेतकरणीलाही हेच क्रियापद सुचते. पुढे मात्र वाटा फुटतात. आपण नाटक बसवितो व कर बसवितो, तेथे इंग्रजाला निराळे शब्द लागतात. उलट तो घड्याळ, सापळा, जेवणाचे मेज आणि बाजारभाव या सर्वांना एकाच ‘सेट’च्या दावणीला बांधतो.

डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी लंडनच्या गफ स्क्वेअरमधील माडीवर, सहा लेखनिकांच्या साह्याने, १७५५ मध्ये आपला कोश सिद्धीस नेला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी अशा क्रियापदांची यादीच देऊन त्यांच्या सैल, सर्वसंचारी अर्थाविषयी गाऱ्हाणे मांडले. त्या यादीत ‘सेट’ आहे, ‘पुट’, ‘मेक’ आणि ‘रन’ही आहेत. ‘टेक’ या एका क्रियापदाचे त्यांनी १३४ अर्थ नोंदविले. एकट्या माणसाच्या बुद्धीला झेपणारी सीमा बहुधा तेवढीच असावी.

यापुढचे काम फडाचे होते. लंडनच्या भाषाशास्त्रीय सभेने १८५७ मध्ये पुढे ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश म्हणून गाजलेल्या ज्या संकल्पाला हात घातला, त्याची धुरा १८७९ मध्ये जेम्स मरे या शाळामास्तराकडे आली आणि मिल हिल येथील शाळेच्या आवारात त्यांनी लोखंडी पत्र्याची एक खोली उभारून तीत १,०२९ खण करून घेतले. वाचकांनी जुने ग्रंथ धुंडाळायचे, एक शब्द आणि तो आलेले एक वाक्य एका चिठ्ठीवर उतरायचे आणि ती टपालाने धाडायची, असा हा शिरस्ता. पुढे ऑक्सफर्डला बिऱ्हाड हलले, तेव्हा तेथील नवी खोली शेजाऱ्याच्या नजरेला खुपू नये म्हणून काही फूट जमिनीत खोल बांधण्यात आली. पेशवाईतील एखाद्या फडणिसाने रुमालांचे गठ्ठे पाहून धन्यता मानली असती, असे ते दप्तर होते. चिठ्ठ्यांची प्राथमिक वर्गवारी करायला मरे यांची मुलेदेखील खाऊच्या पैशांच्या आशेने बसत. या कामात फिट्झएडवर्ड हॉल यांच्याइतकी निरपेक्ष सेवा फार थोड्यांनी केली असेल. काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापन करून सुबंधूची ‘वासवदत्ता’ संपादणारा हा अमेरिकन पंडित उतारवयात इंग्लंडातील एका खेड्यात जगाशी फारकत घेऊन राहिला, आणि रोजचे कित्येक तास कोशाची मुद्रिते तपासण्यात घालवीत राहिला. शब्दाचा पिच्छा पुरविण्याचे व्यसन त्याला संस्कृतानेच लावले असावे, अशी माझी समजूत आहे.

‘सेट’ ज्या भागात येतो तो हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला. हे गृहस्थ पूर्वी शेफील्डमधील सुऱ्याकात्र्यांच्या एका पेढीत पत्रव्यवहाराचे कारकून होते. अर्थ आधी कल्पून मग उदाहरण शोधण्याची मुभा येथे नव्हती. चिठ्ठ्यांचे ढीग मेजावर पसरायचे, ज्यांचा स्वभाव जुळतो त्या एकत्र करायच्या, आणि कोणता अर्थ कोणापासून फुटला ती वंशावळ कालक्रमाने लावायची, हा दंडक. कारकुनीत मुरलेल्या माणसाखेरीज हे काम कोणाला साधले असते याची मला शंकाच आहे. १९२८ मध्ये मूळ कोश पुरा झाला तेव्हा मरे आणि ब्रॅडली दोघेही हयात नव्हते. १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ व सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर होता. त्यात एक आटोपशीर पुस्तक सहज निघाले असते.

आपल्याकडे मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केला, तेव्हा त्यांच्यापुढचा पेच निराळाच होता. अशा क्रियापदासमोर बसविणे, ठेवणे, लावणे, मांडणे, रोवणे, नेमणे अशी रांग उभी केल्यावाचून दुभाषी कोशकाराची सुटका नसते, आणि रांगेतला कोणता गडी कुठल्या वाक्यात पाठवावा हे अखेर वाचकावरच सोपवावे लागते.

सर्वांत लांब नोंदीची ‘सेट’ची गादीही अबाधित राहिली नाही. ऑक्सफर्डच्या कोशाच्या सुधारित आवृत्तीचे काम चालू असता २००० मध्ये ‘मेक’ने, २००७ मध्ये ‘पुट’ने आणि २०११ मध्ये ‘रन’ने विस्तारात त्याला मागे टाकले. पत्र्याच्या खोलीतील खणांची जागा आता संगणकाने घेतली होती; तरीही ‘रन’चे ६४५ अर्थ ओळीने लावायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिने लागले.