मनोरुग्णालयाचा कारभार

१८४४ सालच्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया शहरीं मनोरुग्णालयांचे तेरा अधीक्षक एकत्र जमले. हे सारे वैद्य. त्यांनीं स्थापिलेल्या मंडळांतूनच पुढें अमेरिकन मनोवैद्यकसंघ उभा राहिला. त्यांपैकीं थॉमस कर्कब्राइड हा हाडाचा कारभारी. १८५४ सालच्या त्याच्या ग्रंथांत औषधांपेक्षां इमारत, हवा, पाणी आणि नोकरचाकर यांचाच विचार अधिक. एका संस्थेंत अडीचशेंहून अधिक रुग्ण नसावेत, असा त्याचा आग्रह होता. यांत नवल नाहीं. रुग्णाला बरें करणारें मुख्य साधन म्हणजे ती संस्थाच, अशी त्याची श्रद्धा होती. मात्र ही विद्या शिकविणारी शाळा नव्हती. तरुण साहाय्यक डॉक्टर अधीक्षकाच्या हाताखालीं जें पाहील तेंच शिके. गुरु उत्तम असला तर ठीक, एरव्हीं आनंदच!

पुढें रुग्णसंख्या अतोनात फुगली. १८९४ सालीं याच मंडळापुढें सायलस वेअर मिचेल या मज्जातंतुतज्ज्ञानें अधीक्षकांची चांगलीच हजेरी घेतली. कारभारांत गुंतून त्यांनीं शास्त्राकडे पाठ फिरविली, असा त्याचा रोख होता. आरोप खरा, पण कारभार तरी त्यांना रीतसर शिकविला होता कोणीं? मनोरुग्णालयाच्या प्रशासकांची पात्रता ठरविणारी समिती संघानें नेमली ती १९५३ सालीं, म्हणजे मंडळ स्थापन झाल्यावर एकशें नऊ वर्षांनीं. इंग्लंडांत तर नेतृत्वाचें शिक्षण डॉक्टरांस विद्यार्थिदशेपासूनच मिळावें, असा आराखडा निघावयास २००८ साल उजाडावें लागलें.