भटनागर पुरस्कार : यादीतली नावं आणि यादीमागची माणसं

विज्ञानातल्या मोठ्या पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आमच्या तासगावात ती वाचण्याची एक ठरलेली रीत आहे. मोबाइलवर यादी येते, बोट वरून खाली सरकतं आणि कुणीतरी विचारतं, "अपने कित्ते हैं इसमें?" एखादं नाव सापडलं की ते दिवसभर ग्रुपमधून फिरतं. नाही सापडलं तर दोन-चार जण उसासा टाकतात, एखादा भेदभावाची शंका काढतो आणि विषय संपतो.

हा प्रश्न मला गैर वाटत नाही. आपण कुठे आहोत हे कोणत्याही समाजाने मोजलंच पाहिजे. मात्र नुसत्या मोजणीने यादी कशी तयार होते हे कळत नाही. म्हणून आज शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराची गोष्ट सांगतो. गेली साठाहून अधिक वर्षं भारतात काम करणाऱ्या संशोधकाला मिळू शकणारा सर्वांत मानाचा पुरस्कार म्हणून तो ओळखला गेला.

आधी ज्यांच्या नावाने तो आहे, त्या माणसाविषयी. शांतिस्वरूप भटनागर यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1894 रोजी भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. ते काही महिन्यांचे असतानाच वडील वारले. आईच्या वडिलांनी त्यांना वाढवलं. हे आजोबा इंजिनिअर होते, त्यामुळे यंत्रांची ओढ घरातूनच लागली. शिक्षण लाहोरला झालं आणि 1921 मध्ये लंडनहून डॉक्टरेट मिळाली. परतल्यावर आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि मग 1924 ते 1940 लाहोरच्या पंजाब विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं.

लाहोरमधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अटक भागात तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीची एक अडचण होती. खोदताना वापरायचा चिखल खाऱ्या पाण्याशी संबंध आला की घट्ट व्हायचा आणि काम थांबायचं. त्या चिखलात भारतीय डिंक मिसळून भटनागरांनी तो पातळ ठेवण्याचा मार्ग काढला. कंपनीने खूश होऊन संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ते त्यांनी स्वतःकडे न घेता विद्यापीठाकडे वळवले. त्या काळातले दीड लाख!

हेच भटनागर उर्दूचे शायर होते. विद्यार्थिदशेत त्यांनी 'करामाती' ही उर्दू एकांकिका लिहिली होती. पत्नी लाजवंती यांच्या निधनानंतर त्यांच्या उर्दू कवितांचा संग्रह 'लाजवंती' याच नावाने निघाला. बनारस हिंदू विद्यापीठाचं हिंदी कुलगीतही त्यांचंच. आपल्याकडे पोराला उर्दू शाळेत घालताना "मग सायन्सचं काय?" असा प्रश्न हमखास येतो. देशातल्या सर्वांत मोठ्या विज्ञान पुरस्कारावर ज्याचं नाव आहे, तो माणूस मनातलं दुःख उर्दूत लिहीत होता, हे त्या पालकांना सांगायला हवं.

26 सप्टेंबर 1942 रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, स्थापन झाली आणि भटनागर तिचे पहिले प्रमुख झाले. देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी त्यांनी उभी केली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं, ती याच साखळीतली. 1 जानेवारी 1955 रोजी भटनागर गेले. 1957 मध्ये परिषदेने त्यांच्या स्मरणार्थ पुरस्कार ठरवला आणि 1958 मध्ये पहिला पुरस्कार भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांना मिळाला. रामन परिणामाच्या शोधात सी. व्ही. रामन यांच्याबरोबर काम केलेले हेच कृष्णन. 1961 मध्ये रसायनशास्त्रासाठी असीमा चटर्जी यांना तो मिळाला. त्या पहिल्या महिला मानकरी. औषधी वनस्पतींतल्या रसायनांवर त्यांनी कोलकात्यात आयुष्यभर काम केलं.

पुढे या पुरस्काराचे नियम पक्के झाले. जीवशास्त्र, रसायन, भूविज्ञान, अभियांत्रिकी, गणित, वैद्यक आणि भौतिकशास्त्र असे सात विभाग, प्रत्येकात वर्षाला जास्तीत जास्त दोन मानकरी. वय पंचेचाळीसच्या आत आणि काम मुख्यतः भारतात केलेलं. रक्कम वाढत वाढत पाच लाखांवर गेली. आणखी एक नियम होता आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या पुरस्कारासाठी स्वतः अर्ज करता येत नसे. कुलगुरू, संस्थाप्रमुख किंवा आधीचे मानकरी यांच्यापैकी कुणीतरी तुमचं नाव सुचवावं लागे. म्हणजे कुणीतरी आधी तुमच्याकडे पाहिलेलं असायला हवं.

मराठी मानकऱ्यांच्या बाबतीत हे 'पाहणं' कसं घडलं ते बघा. मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञानाची जुनी संस्था आहे. तिला यूडीसीटी म्हणत, आता आयसीटी. तिथे मूळचे जोधपूरचे मनमोहन शर्मा शिकवत. 1973 मध्ये त्यांना अभियांत्रिकीचा भटनागर पुरस्कार मिळाला. 1982 मध्ये तो त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर यांना मिळाला आणि 1991 मध्ये दुसरे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांना. जोशी हे सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे. आमचं तासगावही 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होतं, म्हणजे जुन्या हिशेबाने ते आमच्याच जिल्ह्यातले. एका मास्तरांच्या हाताखालून अठरा वर्षांत दोन भटनागर मानकरी निघाले.

माशेलकरांच्या मागे तर आणखी एक मास्तर आहेत. गोव्याच्या माशेल गावचा हा मुलगा वडिलांच्या पश्चात आईबरोबर मुंबईला आला आणि गरिबीत महापालिकेच्या शाळेत शिकला. पुढे गिरगावातल्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सर भेटले. सरांनी मुलांना उन्हात नेलं, भिंगाने किरण एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला आणि आपली शक्तीही अशीच एका ठिकाणी आणा, असं सांगितलं. माशेलकर ही आठवण अनेक भाषणांत सांगतात. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांना 1978 मध्ये पुरस्कार मिळाला. त्यांचे वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक होते, घरातच गणित होतं. यादीत दोघांचीही नावं एकेका ओळीत येतात. एकाला घराने उचललं आणि दुसऱ्याला शाळेने, हे त्या ओळीत दिसत नाही.

आता 'अपने'. पाचशेहून जास्त मानकऱ्यांत मुस्लीम नावं थोडी आहेत, हे खरंच आहे. त्यातली तीन आपल्या पश्चिम किनाऱ्याशी जोडलेली आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सांगतो.

पहिले ओबेद सिद्दिकी. जन्म 1932, उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, शिक्षण अलीगढला. पुढे ग्लासगोला डॉक्टरेट आणि अमेरिकेत संशोधन. होमी भाभांनी त्यांना बोलावलं आणि 1962 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. अणुविज्ञान आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत हा माणूस पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या माश्या पाळू लागला! अमेरिकन शास्त्रज्ञ सीमोर बेन्झर यांच्याबरोबर त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या ज्या तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि थंड झालं की पुन्हा उडतात. मज्जातंतूंतून संदेश कसा जातो, याचा माग त्यातून लागला. 1976 मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. माशीला चव आणि वास कसा कळतो यावर त्यांनी पुढे काम केलं. त्यात त्यांची विद्यार्थिनी व्हेरॉनिका रॉड्रिग्ज होती, केनियात जन्मलेली, मूळ गोव्याच्या कुटुंबातली. बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रही सिद्दिकींनीच उभं केलं. 2013 मध्ये ते गेले.

दुसरे मुस्तनसिर बर्मा. मुंबईच्या सेंट झेवियर्सचे विद्यार्थी, भौतिकशास्त्रज्ञ. असंख्य कण एकत्र असतात तेव्हा त्यांच्या गर्दीचे नियम काय, हा त्यांचा विषय. 1995 मध्ये पुरस्कार मिळाला आणि पुढे ते त्याच टाटा संस्थेचे संचालक झाले. तिसरे एस. डब्ल्यू. ए. नक्वी, गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे. त्यांना 1996 मध्ये मिळाला. अरबी समुद्रात खालच्या थरातल्या पाण्यातला प्राणवायू कसा संपतो आणि त्यातून तापमानवाढ करणारा नायट्रस ऑक्साइड वायू कसा तयार होतो, याचा त्यांनी शोध घेतला. कोकणच्या मच्छीमाराचं जाळं ज्या पाण्यात पडतं, त्याच पाण्याचा हा अभ्यास.

सिद्दिकींच्या नावाशी आपण थांबतो आणि अभिमानाने फोटो फिरवतो. पण अलीगढ कुठून आलं? 1864 मध्ये सर सय्यद अहमद खान यांनी गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली. ती पुढे अलीगढला गेली. पाश्चात्त्य विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणणं हे तिचं काम होतं. सर सय्यदांना त्यासाठी आपल्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. त्या सोसायटीपासून सिद्दिकींच्या पुरस्कारापर्यंत 112 वर्षं गेली. पुस्तक, शाळा, कॉलेज, विद्यापीठ अशा पायऱ्या कुणीतरी आधी बांधल्या होत्या, म्हणून बस्तीचा एक मुलगा त्या चढू शकला.

यादीत न मावणारी माणसंही आहेत, हे विसरता कामा नये. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली मुंबईचेच. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने उमेदीत त्यांना नोकरीसाठी वणवण करावी लागली. भटनागरच्या यादीत ते नाहीत. सिद्दिकींना भटनागर मिळाला त्याच 1976 मध्ये सालिम अलींना पद्मविभूषण मिळालं. त्यांना मिळालेल्या जे. पॉल गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्ग संरक्षणाच्या निधीला दिली.

आणि आमच्या तालुक्यातलं उदाहरण म्हणजे बोरगावचे वसंतराव आर्वे. थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या बागेतून त्यांनी वेगळा, लांब मण्यांचा वाण हेरला आणि जोपासला. 'तास-ए-गणेश' हे त्याचं नाव. तास म्हणजे तासगाव, ए म्हणजे आर्वे आणि गणेश म्हणजे आमचा गणपती. हा वाण महाराष्ट्रभर गेला. बागायतदाराने पिकवायचा, बागवान व्यापाऱ्याने उचलायचा, उरलेल्याचा शेडवर बेदाणा करायचा, असा अनेक घरांचा प्रपंच त्यावर चालला. आमच्याकडचा शेतकरी घडांना 'जीए'चं डिपिंग देतो. ते जिबरेलिन जपानी शास्त्रज्ञांना भाताच्या एका रोगाच्या बुरशीत सापडलं होतं. म्हणजे प्रयोगशाळा तासगावच्या रानात केव्हाच पोचली आहे. रानातलं पोर प्रयोगशाळेत पोचण्याचं तेवढं राहिलं आहे.

अलीकडे पुरस्काराचं रूप बदललं. सरकारने जुने पुरस्कार आवरते घेऊन 2023 मध्ये राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले. त्यात तरुण संशोधकांच्या विभागाला 'विज्ञान युवा - शांतिस्वरूप भटनागर' असं नाव राहिलं. 22 ऑगस्ट 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ते पहिल्यांदा दिले गेले, 33 मानकऱ्यांना. आता सनद आणि पदक असतं. 2025 चा विज्ञानरत्न नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला.

यादी दर वर्षी येत राहील. तिच्यात नाव यायचं तर काम पंधरा-वीस वर्षं आधी सुरू व्हावं लागतं, आणि ते आपल्या हातात आहे. आपल्या जमातीत दहावी-बारावीच्या निकालानंतर गुणगौरव होतो. शाल, ट्रॉफी, फोटो. ट्रॉफी शोकेसमध्ये जाते आणि त्यातल्या कित्येक मुली बारावीनंतर घरी बसतात, कारण सांगली-मिरजेला रोज जाण्याचा खर्च आणि वसतिगृहाची सोय यावर कुणी बोललेलं नसतं. त्या ट्रॉफींच्या पैशात शाळेला एक सूक्ष्मदर्शक येईल, दोन मुलींचा वर्षाचा एसटी पास निघेल.

दुसरं काम याहून सोपं आहे. केंद्र सरकारची 'इन्स्पायर मानक' योजना आहे. शाळेतल्या मुलांनी सुचवलेल्या नव्या कल्पनेसाठी निवड झालेल्या मुलाला दहा हजार रुपये मिळतात. तिथेही नाव मुलगा स्वतः पाठवत नाही, शाळेला पाठवावं लागतं. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेने, मग ती उर्दू असो वा मराठी, यंदा किती नावं पाठवली? मुख्याध्यापकांना भेटून हे विचारा. एकही गेलं नसेल तर भांडू नका, फॉर्म भरायला बसा. कुणाच्या पोराने सायकलच्या चाकावर मोटार बसवली आहे, कुणाच्या मुलीने बेदाणा निवडायची चाळण केली आहे, हे आपल्यालाच माहीत असतं. ती नावं आपणच सुचवायची आहेत.