केंडाचा घास

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जात असे, तेव्हा आम्हां मुलांचे सारे लक्ष केंडाकडे असे. बांगडे, तारल्या टोपल्यांत जात. केंड मासा तेवढा वाळूवर भिरकावला जाई. फुगून चेंडूसारखा झालेला तो मासा आम्ही पायाने उडवीत असू. "हात लावू नको रे, विषारी जात ती!" असे आजी ओरडे. जातच विषारी म्हटल्यावर पुढे विचारायचे काय?

आज साठीनंतर त्याच कुळातला एक जीव माझ्या टेबलावरच्या काचेच्या टाकीत राहतो आहे. लांबी इंचभर, अंगावर हिरवट ठिपके, आणि डोळे असे की एक माझ्याकडे तर दुसरा भलतीकडेच पाहतो आहे. नातवाच्या हट्टाने तो घरात आला. दुकानदाराने सोबत कोरड्या खाद्याची पुडी दिली. चार दिवस माशाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पोट खपाटीला गेले. मग एका जाणत्या स्नेह्याने सांगितले, की याला हालते अन्न लागते: बारीक किडे, अळ्या, आणि मुख्य म्हणजे गोगलगाई. शेजाऱ्यांच्या कमळाच्या हौदातून बारीक गोगलगाई आणून सोडल्या. मासा थबकला, दोन्ही डोळे एका जागी आणले आणि कवचासकट घास घेतला!

या माशांना चार दात. ते जुळून पोपटाच्या चोचीसारखे होतात आणि जन्मभर वाढत राहतात. कठीण कवच फोडूनच ते झिजायचे. लिनियसने 1758 साली या गणाला नाव दिले तेही 'चतुर्दंत' या अर्थाचेच. हा मासा खातो काय, या घरगुती प्रश्नाच्या मागे लागलो आणि इतिहासात जाऊन पोहोचलो.

कॅप्टन कुकची हकिकत पाहा. 1774 च्या सप्टेंबरात त्याचे 'रेझोल्यूशन' जहाज न्यू कॅलेडोनियाला लागले होते. त्याच्या कारकुनाने एका बेटवासीयाकडून एक मासा विकत घेतला. जहाजावरच्या फॉर्स्टर पिता-पुत्रांनी त्याचे चित्र व वर्णन करण्यात इतका वेळ घेतला की रात्रीच्या जेवणाला नुसते काळीज आणि गाबोळीच शिजली. तिघांनी ती जेमतेम चाखली. पहाटे तीन-चारच्या सुमारास हातपाय बधिर झाले. पाण्याने भरलेले भांडे आणि एक पीस, दोन्ही हाताला सारखीच लागू लागली. माणसे वाचली, आतडी खाल्लेले जहाजावरचे डुक्कर मात्र सकाळी मेलेले आढळले.

जपानात हीच गोष्ट राजकारणाला भिडली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरियाच्या स्वारीसाठी जमलेले सैनिक हा मासा खाऊन मरू लागले, तेव्हा हिदेयोशीने त्यावर बंदी घातली. ती कागदोपत्री पुष्कळ काळ टिकली. जिभेने कितपत पाळली हे वेगळे. 1888 साली पंतप्रधानपद भूषविलेल्या इतो हिरोबुमींना शिमोनोसेकीच्या एका खाणावळीत हा मासा वाढला गेला, तो त्यांना आवडला, आणि त्या प्रांतापुरती बंदी उठली. तरी माणसाची खोड जाते थोडीच? 1975 साली बान्दो मित्सुगोरो या थोर काबुकी नटाने क्योटोत या माशाच्या काळजाचे चार वाढप खाल्ले आणि प्राण गमावला.

दरम्यान शास्त्रज्ञ विषामागे लागले होते. ताहारा योशिझुमी यांनी 1909 साली त्याला 'टेट्रोडोटॉक्सिन' हे नाव दिले. 1964 साली क्योटोच्या परिषदेत त्याची रचना जगापुढे मांडली गेली. पण मला सर्वांत नवल वाटले ते त्यानंतरच्या शोधाचे. पैदास केंद्रात अंड्यातून वाढवलेल्या आणि बेताचे खाद्य घातलेल्या माशांच्या अंगी विष आढळेना! त्यांनाच विषारी काळीज खाऊ घातले, की ते विषारी होत. म्हणजे विष माशाने निर्माण केलेले नव्हे. काही सागरी जीवाणूंपासून ते लहान प्राण्यांत येते, त्यांच्यामार्फत माशाच्या पोटात जाते आणि साठत राहते. माशाच्या मज्जातंतूंची घडण अशी, की ते त्याला स्वतःला बाधत नाही.

आजीची 'जात' अशी घासापाशी येऊन थांबली. अर्थात म्हणून कोणी केंड खाऊन पाहू नये. समुद्रातला केंड काय खाऊन आला आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

माझा पाहुणा समुद्रातला नव्हे, गोड्या पाण्यातला. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा. सुंदरलाल होरा आणि नायर यांनी 1941 साली केरळातील पंबा नदीतून त्याचे प्रथम वर्णन केले; त्याच्या शास्त्रीय नावात त्रावणकोर आहे. पुढे या इवल्याशा रूपानेच त्याचा घात केला. जगभरच्या हौशी लोकांनी त्याला टाकीत बसवले, नद्यांतून तो गोळा होत राहिला, आणि आज त्याची गणना धोक्यातल्या जातींत होते. त्या गोळा करण्यात आमच्या घरच्या हौसेचाही वाटा आहे, हे मला टाळता येत नाही. दुसरा मासा आता आणायचा नाही, एवढे ठरवले आहे. आहे त्याला नीट सांभाळायचे.

सांभाळणे म्हणजे तरी काय? पाणी स्वच्छ राखायचे, आठवड्याला चौथा हिस्सा बदलायचे. टाकीत दाट पाणवनस्पती ठेवायच्या. दुसरे मासे सोडायचे नाहीत, कारण हा त्यांचे पर कुरतडतो. फुगावा म्हणून त्याला कधी डिवचायचे नाही. ते फुगणे म्हणजे भ्यालेल्या जीवाचा शेवटचा उपाय. आणि गोगलगाईंची एक बरणी वेगळी वाढवायची.

संध्याकाळी नातू ती बरणी घेऊन येतो. टाकीत चिमुकले कवच फुटते. वाळूवर लाथाडलेले ते सारे केंड मला त्या वेळी आठवतात. ते काय खाऊन किनाऱ्याला आले होते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.